आपण काही करण्याची गरज नाही

सिंगापूरचा इन्कम टॅक्स इतका सोपा होता की मला त्याची पहिल्यापासून धास्ती वाटायची.

हे मी सांगितलं की घरात सगळे हसतात. हसू देत. मी लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं पुण्यात एका सीएच्या ऑफिसात कामाला होते. मी सीए नव्हते, नुसती बी.कॉम. होते, पण माझं टेबल सीएंच्या केबिनला लागून होतं आणि त्या शेजाराचा माझ्या बोलण्यावर थोडा परिणाम झाला होता. मार्च लागला की आमच्याकडे माणसं प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन यायची. पिशवीत विम्याच्या पावत्या, मुलांच्या फीच्या पावत्या, पीपीएफचं पासबुक आणि रेव्हेन्यू स्टँप लावलेल्या भाडेपावत्या. एका गृहस्थांनी तर आपण आईच्या घरात राहतो आणि तिला भाडं देतो, अशा वर्षभराच्या पावत्या आणल्या होत्या. आई मागे बाकावर बसून विचारत होती, "मला कधी दिलंस रे?" चिडचिड, धावपळ, थापा, चहा, सगळं असायचं. पण माणूस आपल्या टॅक्सच्या समोर बसलेला असायचा. आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय ते त्याला दिसायचं, आणि नाही पटलं तर तो भांडायचा.

मग नवऱ्याला सिंगापूरला एका बँकेच्या आयटी विभागात नोकरी लागली. ऑफिस तांजोंग पगारला आणि आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये पासिर रिसला, म्हणजे एमआरटी या तिथल्या मेट्रोच्या एका टोकाला. मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिथल्या दुसऱ्या वर्षी मार्चच्या सुमारास नवऱ्याच्या फोनवर आयकर खात्याचा मेसेज आला. मी तो तीनदा वाचला. सारांश असा, की तुमच्या बँकेने तुमचा पगार आम्हाला परस्पर कळवला आहे. बायको आणि मुलगी गेल्या वर्षी होत्या तशा याही वर्षी आहेत असं आम्ही धरलं आहे. कर काढून ठेवला आहे. सगळं बरोबर असेल तर आपण काही करण्याची गरज नाही.

"अहो, पण मग आपण भरायचं काय?" मी विचारलं.

"पैसे," नवरा म्हणाला आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये शिरला.

खरं तर तेही आपण भरायचे नव्हते. गायरो नावाची एक सोय होती. बँकेला एकदा सांगून ठेवलं की दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टॅक्सचा हप्ता आपोआप खात्यातून उचलला जायचा. रांग नाही, सही नाही, व्याज नाही. वर्षातून एकदा फोन वाजायचा, आणि एवढाच काय तो आमचा मार्च.

यात धास्ती कसली, असं तुम्ही म्हणाल. नवराही हेच म्हणायचा. मला ते नीट सांगता यायचं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा दोघांचे वडील आतल्या खोलीत बसून बोलत होते आणि मी स्वयंपाकघरात खोबरं खवत होते. आतून मधूनच हसण्याचा आवाज यायचा, मधूनच कोणी खाकरायचं, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. पुढे सगळं चांगलंच झालं, पण ती शांतता माझ्या कानात राहिली आहे. बँक आणि आयकर खातं आमच्याबद्दल एकमेकांशी बोलतात आणि आपण बाहेर आहोत, ही भावना साधारण तशीच होती. तरी बाहेरच्यांना मी यातलं काही बोलत नसे. बाहेर मी टॅक्सची तज्ज्ञ होते. पासिर रिसला नवीन मराठी कुटुंब आलं की दूधवाला नाही, कामवाली नाही, या धक्क्यातून ते सावरायच्या आत मी त्यांना इथला टॅक्स किती सोपा आहे ते सांगून टाकायचे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मुलगी सहावीत होती. सिंगापूरला सहावीच्या शेवटी सगळ्या देशाची एकच परीक्षा असते, पीएसएलई नावाची, आणि मूल कुठल्या हायस्कूलला जाणार ते तिथेच ठरतं. आपल्या दहावीचा सगळा ताण बारा वर्षांच्या पोरांवर. तोंडी परीक्षा होऊन गेली होती आणि लेखी पेपर सप्टेंबरच्या अगदी शेवटी सुरू होऊन ऑक्टोबरात संपायचे होते. दोन वर्षं ती त्यासाठी राबत होती. हिंदीसुद्धा घेतली होती, कारण मराठी तिथे विषय म्हणून नव्हती, आणि 'ने' कुठे लावायचं यावरून घरात रोज रडारड होती.

आणि आमचं सगळं नवऱ्याच्या एम्प्लॉयमेंट पासवर टांगलेलं. नोकरी गेली की त्याचा पास गेला. त्याचा गेला की आमचे दोघींचे डिपेंडंट पास गेले. आणि मग महिनाभरात सामान बांधून निघायचं. पास गेलेल्या मुलीला शाळेत आणि परीक्षेला बसू देतात की नाही, हे आम्हाला खात्रीने माहीत नव्हतं. विचारायची हिंमतही होत नव्हती. तांजोंग पगार, रॅफल्स प्लेस या ऑफिसांच्या भागांत त्या वर्षी माणसं कमी करण्याचं बोलणं सारखं चालू होतं. आमचं मागणं एवढंच होतं, की व्हायचंच असेल तर ते परीक्षेनंतर व्हावं.

सप्टेंबरात धूर आला. समुद्रापलीकडे इंडोनेशियात जंगलं जळत आणि वारा तो सगळा धूर सिंगापूरवर आणून टाकी. काही वर्षी थोडा, काही वर्षी असह्य. त्या वर्षी सकाळी खिडकी उघडली की समोरची इमारत नसायची. दुपारी ती पिवळट होऊन परत यायची. सूर्य लाल टिकलीसारखा दिसायचा, त्याच्याकडे थेट बघता यायचं. कपडे घरात वाळत घातले तरी त्यांना होळीचा वास यायचा.

अधिक महिन्यामुळे लांबलेल्या श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी एका नवीन लग्न झालेल्या मुलीची मंगळागौर होती. एका काँडोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, हॉलमध्ये खिडक्या घट्ट लावून, एसी चालू करून आम्ही वीस-पंचवीस बायका झिम्मा खेळत होतो. फुगडीत मला दम लागला आणि मी त्याचा दोष धुराला दिला. बसल्या बसल्या नव्या मुलीने विचारलं, "काकू, इथे टॅक्स भरायला कोणाकडे जावं लागतं?" मी पदर खोचला.

"कोणाकडेच नाही. हेच तर तुला समजून घ्यायचंय," म्हणून मी सुरुवात केली आणि बरीच पुढे गेले.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी बाजूला पुरणपोळीला तूप लावत होत्या. मूळच्या रत्नागिरीच्या, नवरा जहाजावर मरीन इंजिनियर, सहा महिने समुद्रात. त्या माझ्यापेक्षा मोठ्या आणि माझ्या भाषणांना कंटाळलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "इतकं सोपं आहे तर तुम्ही इतका वेळ काय सांगताय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. नाहीतर करणार काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने बँकेचं खातं बघितलं. टॅक्सचा हप्ता गेला नव्हता. पहिला आठवडा उलटून गेला होता, खात्यात पैसे होते, तरी हप्ता गेला नव्हता.

आता मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. इतकी वर्षं जी यंत्रणा 'तुम्ही बाजूला बसा' म्हणत होती तिची चूक मी पकडली होती. संध्याकाळी जेवताना मी ते जाहीर केलं.

"राहू दे ना. पुढच्या महिन्यात दोन घेतील," नवरा म्हणाला.

"दोन घेतील आणि वर दंड लावतील. आपण आधी कळवलेलं बरं. आमचे सीए सर नेहमी सांगायचे, खात्याची चूक खात्याच्या आधी आपल्याला दिसली पाहिजे."

"आई, पैसे घेतले नाहीत तर गुड व्हॉट," मुलगी भाताचा डोंगर करत तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "व्हाय यू सो हॅपी अँड सो वरीड, सेम टाइम?"

"तू हिंदीचं बघ."

"अय्यो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेला गेल्यावर, नवरा निघायच्या आधी मी त्याच्यासमोर फोन ठेवला. टॅक्स त्याच्या नावावर, त्यामुळे बोलणं त्याला भाग होतं; मी स्पीकर लावून शेजारी बसले, कागद-पेन घेऊन. पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाज गोड आणि घाई नसलेला. नवऱ्याने नंबर वगैरे सांगितलं, हप्ता गेला नाही म्हणाला. ती म्हणाली, एक मिनिट हं सर. टाइप केल्याचा आवाज आला. मग तो थांबला.

"सर, तुमची हप्त्यांची सोय बंद झालेली आहे," ती म्हणाली. "टॅक्स क्लिअरन्स सुरू आहे ना, म्हणून. आता राहिलेला सगळा कर एकदम हिशोबात धरला जाईल."

"कसला क्लिअरन्स?"

"तुम्ही नोकरी सोडताय ना, सर. परदेशी माणूस नोकरी सोडतो तेव्हा कंपनीने आम्हाला महिनाभर आधी कळवायचं असतं. तुमच्या कंपनीने कळवलंय. शेवटचा दिवस सप्टेंबर अखेर." मग तिने आपुलकीने विचारलं, "कायमचं घरी चाललात का, सर?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी कागदावर 'सप्टेंबर अखेर' असं लिहिलेलं होतं, माझ्या चांगल्या अक्षरात.

"मला बघावं लागेल," तो म्हणाला.

"हो सर. एचआरशी बोला. अजून काही मदत हवी आहे का?"

तो नाही म्हणाला, थँक्यू म्हणाला आणि फोन ठेवला. मग तो उठला, बूट घातले, लॅपटॉपची बॅग घेतली आणि म्हणाला, "चूक झाली असेल. दुसऱ्या कोणाची माहिती माझ्या नावावर चढली असेल."

"असेल," मी म्हणाले.

सीएच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की माहीत होती. कोणतीही कंपनी ठरल्याशिवाय सरकारला कळवत नाही. माणसाला कळवायचं ती लांबवू शकते, सरकारला नाही.

संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला आला. मी दारातच विचारलं, "काही?"

"काही नाही. साहेब नेहमीसारखे होते. कॅन्टीनमध्ये जोक केला. पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टबद्दल माझं मत विचारलं."

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. मग एका संध्याकाळी तो बूट काढता काढता म्हणाला, "मी जे जे करतो ते सगळं लिहून काढायला सांगितलंय. ऑडिटसाठी म्हणे."

"सगळ्यांना सांगितलंय?"

"मी विचारलं नाही."

त्या दिवसापासून तो ऑफिसात बसून, आपल्याशिवाय आपलं काम कसं करावं, याच्या सूचना लिहायला लागला. तो मनापासून काम करणारा माणूस आहे. घरी येऊन सांगायचा, आज अमुक भाग इतका छान लिहून झाला की कोणीही नवीन माणूस वाचून लगेच सुरू करेल. आणि मग त्याच्या लक्षात यायचं की आपण काय बोललो.

मुलीला आम्ही काही कळू दिलं नाही. ती आत मास्क लावून अभ्यास करायची, कारण धूर आता खिडक्यांच्या फटींतून घरात येत होता. एअर प्युरिफायर दुकानांतून संपले होते. मी ओले टॉवेल फटींना लावायचे आणि ते संध्याकाळी राखाडी निघायचे. बाहेरच्या रस्त्यावर माणसं तोंडं झाकून, मान खाली घालून जायची. एकाला एक ओळखता येत नव्हतं, आणि मला तेच बरं वाटायचं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. मी म्हणायचे, साहेबांना विचारा. तो म्हणायचा, विचारलं की ठरलं.

"अहो, ठरलंय. सरकारला कळवलंय म्हणजे ठरलंय."

"अगं, अजून शेवटचा निर्णय झाला नसेल तर? मी विचारलं की ते म्हणतील, बरं झालं, याला कळलंच आहे. मग मागे फिरायची वाटच राहणार नाही."

"आणि सप्टेंबर संपला तर? पहिला पेपर होईल आणि बाकीच्यांना ती कुठल्या पासवर बसणार?"

यावर तो उठून खिडकीच्या फटींतले टॉवेल बदलायला लागायचा.

शेवटी मी वहिनींकडे गेले. निमित्त म्हणून वाटीभर मेतकूट नेलं. बसले आणि म्हणाले, "वहिनी, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांच्या नवऱ्याची नोकरी जायचीय, पण साहेब अजून बोलत नाही. आणि मुलीची परीक्षा आहे."

"सहावीची?" वहिनींनी विचारलं.

"हो. म्हणजे, साधारण तेवढीच."

वहिनींनी मेतकुटाचा वास घेतला, वाटी झाकून ठेवली. "त्या बाईंना म्हणावं, नवऱ्याला सांगा, नोकरी मागू नकोस. तारीख माग. आमच्याकडे जहाजावरून उतरायची तारीख कंपनी ठरवते. मला ठेवा म्हटलं तर कोणी ऐकत नाही. पण घरी बारसं आहे, दोन आठवडे पुढे ढकला, असं म्हटलं की बहुतेक वेळा ढकलतात. नको म्हणणाऱ्यालाही काहीतरी दिल्यासारखं वाटायला हवं असतं."

"आणि नाही दिली तर?"

"तर तुमच्या ओळखीच्या बाईंनी इथे येऊन रडावं, मी चहा करीन," त्या म्हणाल्या. आणि मग मला चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी नवरा साहेबांच्या केबिनमध्ये गेला. काय झालं ते त्याने मला संध्याकाळी पासिर रिसच्या समुद्राकाठी चालताना सांगितलं. घरात मुलगी होती, म्हणून आम्ही मास्क लावून बाहेर पडलो होतो. पाणी फक्त ऐकू येत होतं. एरवी क्षितिजावर जहाजांची रांग दिसते, त्या दिवशी पंधरा पावलांवरचं बाकसुद्धा आम्ही त्याला आपटल्यावरच दिसलं.

"मी म्हणालो, सप्टेंबर अखेर माझा शेवटचा दिवस आहे ते मला माहीत आहे. फक्त मुलीची परीक्षा संपेपर्यंत तारीख पुढे करा."

"मग?"

"त्यांनी आधी विचारलं, तुला कोणी सांगितलं? मी म्हणालो, इन्कम टॅक्सवाल्यांनी."

मला हसू आलं. त्यालाही आलं. मास्कच्या आत हसलं की चष्म्यावर वाफ येते. दोघं काही क्षण आंधळे उभे होतो.

"मग त्यांनी उठून दार लावलं," तो पुढे म्हणाला. "पगाराचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलंय. यादी त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या सॉफ्टवेअरने वेळेवर सगळं टॅक्सला कळवून टाकलं. आम्हाला मात्र शेवटच्या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. साहेब म्हणाले, सॉरी. दोनदा म्हणाले."

"यादी? म्हणजे तुम्ही एकटे नाही."

"बाकीच्यांना अजून माहीत नाही. मला शपथ घातलीय, बोलायचं नाही."

"आणि तारीख?"

"म्हणाले, बघतो. मग एचआरला फोन केला आणि म्हणाले, होऊन जाईल, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करतो."

"लिहून दिलं?"

तो चष्मा पुसायला लागला. होऊन जाईल, हे दोन शब्द मी मार्चमध्ये इतक्यांदा ऐकलेले आहेत की त्यांची किंमत मला कोणी सांगायला नको.

दुसऱ्या सकाळपासून आमचा एक नवा नेम सुरू झाला. मुलगी शाळेत गेली की नवरा आयकर खात्याला फोन करायचा. आमच्या बँकेने सुधारित तारीख कळवली का, एवढंच विचारायचं. रोज वेगळा आवाज, रोज तीच नम्रता. "अजून नाही, सर. सप्टेंबर अखेरच दिसतेय." ऑफिसात साहेब पाठीवर थाप मारायचे, काळजी करू नकोस म्हणायचे. एचआरची बाई म्हणायची, प्रोसेसमध्ये आहे. खरं काय ते कळायला आम्हाला एकच ठिकाण उरलं होतं, आणि ते म्हणजे इन्कम टॅक्स. पुण्यातल्या माझ्या जुन्या सरांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला सुट्टी घ्यायला सांगितलं असतं.

मग एका संध्याकाळी बातमी आली की धूर फार वाढल्यामुळे उद्या सगळ्या शाळा बंद. मुलगी उड्या मारायला लागली आणि लगेच थांबली. "पीएसएलई पोस्टपोन झाली तर? आय स्टडी ऑलरेडी. परत विसरणार मी."

"नाही होणार," तिचा बाप म्हणाला.

"बाबा, हाऊ यू नो?"

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. काच होती आणि काचेवर तो होता. मी मनात तारखा सरकवून बघत होते. परीक्षा पुढे गेली आणि ऑफिसची तारीख पुढे गेली नाही तर. दोन्ही पुढे गेल्या, पण सारख्या नाही तर. मुलीने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं, मग मास्क वर ओढला आणि हिंदीचं पुस्तक घेऊन आत गेली. त्या दिवशी पहिल्यांदा तिने 'ने' वरून कटकट केली नाही, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

परीक्षा पुढे गेली नाही. पहिल्या पेपरच्या आदल्या सकाळी नवऱ्याने पुन्हा फोन लावला. पलीकडे या वेळी एक पोक्त माणूस होता. टाइप केल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"सर, सुधारित माहिती आलीय. शेवटचा दिवस ऑक्टोबरच्या मध्यावर."

"नक्की?"

"नक्की, सर. आता तुम्ही काही करायची गरज नाही."

नवऱ्याने फोन ठेवला आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून हसत सुटलो. मी शिरा केला. तूप जरा जास्तच पडलं. अर्धा शिरा खाऊन झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की नवऱ्याची नोकरी गेल्याचं आज पक्कं झालंय आणि आपण त्याचा शिरा खातोय. नवऱ्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याचा घास बराच वेळ तोंडातच राहिला. पण आम्ही ताटल्या संपवल्या. परीक्षा वाचली होती.

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. शाळेच्या फाटकापाशी मास्क लावलेली पोरं आणि मास्क लावलेले आईबाप, सगळ्यांचे फक्त डोळे. ऑफिसात यादी जाहीर झाली तो दिवस. नवऱ्याच्या शेजारी बसणारा माणूस नऊ वर्षं तिथे होता, त्याला दुपारी बोलावलं आणि तो आपला डबा घ्यायला परत आला नाही. नवरा तो डबा घरी घेऊन आला. मी तो धुऊन ठेवला. कोणाला द्यायचा ते आम्हाला कळेना. सगळ्यांचे शेवटचे पगार कर चुकता होईपर्यंत अडकले होते, तसा नियमच होता. आमचा क्लिअरन्स मात्र झटपट झाला. सोपी पद्धत होती.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी आम्ही दोघंही मुलीला आणायला गेलो. धूर थोडा हटला होता, समोरच्या इमारती परत जागेवर आल्या होत्या. ती बाबांना बघून म्हणाली, "बाबा, हाफ डे?" आणि उत्तराची वाट न बघता पेपर कसा गेला ते सांगायला लागली. सायन्सचा एक प्रश्न चुकला होता, बाकी ओके लाह. आम्ही तिला हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, नेलं. तिने उसाचा रस घेतला, आम्ही दोन कॉफी घेतल्या आणि एका कोपऱ्यात बसलो. नवऱ्याने मला खूण केली. मी त्याला केली. शेवटी त्यानेच सांगितलं. नोकरीचं, पासचं, आणि या महिन्यातच पुण्याला जायचं ते.

ती रडेल असं मला वाटलं होतं. मी पर्समध्ये रुमाल चाचपून ठेवला होता. ती स्ट्रॉने बर्फ ढवळत राहिली.

"रिझल्ट नोव्हेंबरला आहे," ती म्हणाली. "कोण घेणार?"

"शाळा पाठवेल. मी बोललोय तुझ्या टीचरशी," नवरा म्हणाला.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"हो."

"एक्झॅमच्या आधीपासून."

"तुझी परीक्षा व्हावी म्हणून आम्ही खूप प्रयत्न केले, सोन्या," मी म्हणाले. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. पलीकडच्या टेबलावरचे आजोबा वळून बघायला लागले.

तिने मान डोलावली. मग तिने मास्क हनुवटीवरून काढून त्याची नीट घडी केली, तो दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला आणि आमच्याकडे न बघता विचारलं, "पुण्याची शाळा हे मार्क्स काउंट करते, ऑर नॉट?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. महिनाभर आम्ही बँकेला विचारलं होतं, एचआरला विचारलं होतं, आयकर खात्याला रोज विचारलं होतं, वहिनींनाही विचारलं होतं. पुण्यात मात्र कोणालाच विचारलं नव्हतं.

तिकडे आता शाळांची ऑफिसं उघडी असायची वेळ होती. मी पर्समधून फोन काढला. कोणत्या शाळेला लावायचा, ते मात्र ठरलेलं नव्हतं.